परग्रहावरचे सोयरे

माणसाने परगावी कशासाठी जावे, याची आमच्या घराण्यात चार कारणे ठरलेली आहेत: लग्न, मयत, कोर्टाची तारीख आणि देवदर्शन. आजोबांनी नाइलाजाने पाचवे एक मान्य केले होते, ते म्हणजे बदली. या पाचांत न बसणाऱ्या कामासाठी जो तिकीट काढतो तो माणूस वाया गेला, असा सरळ हिशेब. त्यामुळे २०२४ च्या ऑगस्टात, लंडनला भाच्याकडे मुक्कामाला असताना, "विज्ञानकथा वाचणाऱ्यांच्या संमेलनाला ग्लासगोला चाललोय," असं मी पुण्याला थोरल्या भावाला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्याने विचारलं, "वाचायला ग्लासगोला जावं लागतं?"

आमच्या हिने हाच प्रश्न जरा निराळ्या अंगाने विचारला होता.

"तिथे जाऊन काय करतात?"

"पुस्तकांवर बोलतात."

"म्हणजे ज्यांनी वाचली नाहीत त्यांना सांगतात?"

"नाही, तिथे सगळ्यांनी वाचलेलीच असतात."

"मग सांगतात कोणाला?"

आता याला काय उत्तर द्यायचं? कीर्तनाला बसलेल्या म्हातारीला रामायणाचा शेवट ठाऊक नसतो असं थोडंच आहे, हे मी तिला सांगू शकलो असतो. पण ते मला कार्लाईल स्टेशन गेल्यावर सुचलं, आणि तोवर ती शेंगदाण्याची चटणी कोणत्या पिशवीत आहे याचा शोध घेत होती.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जगभरच्या विज्ञानकथावेड्यांचं हे जागतिक संमेलन, 'वर्ल्डकॉन', १९३९ साली न्यूयॉर्कला सुरू झालं आणि १९४२ ते १९४५ ही युद्धाची वर्षं सोडली तर दरवर्षी भरत आलं. दर वर्षी गाव नवं, आणि ते गाव कोणतं हे सभासद मतं देऊन आधीच ठरवतात. ग्लासगोची ही तिसरी पाळी; आधीच्या दोन १९९५ आणि २००५ साली. राबणारे सगळे बिनपगारी. तिथे तिकीट नसतं, सभासदत्व घ्यावं लागतं. पैसे भरले की तुम्ही प्रेक्षक राहत नाही, घरचे होता. म्हणजे कोणी खुर्च्या उचलायला सांगितलं तर नाही म्हणायची सोय उरत नाही. आपल्याकडे लग्नघरात धाकट्या दिराची जी अवस्था असते तीच.

लंडनहून ग्लासगो चारशे मैल, गाडीने साडेचार तास. माझा भाचा लंडनात ज्या इमारतीत राहतो तिथे त्याने चार वर्षांत जिन्यावर कोणाला 'गुड मॉर्निंग' म्हटलं असेल तर शपथ. पण त्या डब्यात समोरच्या दाढीवाल्याच्या सदऱ्यावर रॉकेटचं चित्र दिसलं मात्र, आमचे चिरंजीव असे काही फुलले, की प्रेस्टन येईतो त्या दाढीवाल्याचं शिक्षण, घटस्फोट आणि आवडता लेखक या तिन्ही गोष्टी त्याला पाठ झाल्या होत्या. पुढे दोघांनी मिळून सँडविच खाल्लं. एक सँडविच! मामाला विचारलंसुद्धा नाही.

आणि इकडे आमची ही. हिने आयुष्यात विज्ञानकथा वाचलेली नाही, वाचणारही नाही. "खरं आहे ते काय कमी आहे का?" हा तिचा वाङ्मयविषयक सिद्धान्त. इंग्रजी म्हणाल तर 'यस', 'नो' आणि 'थँक्यू', आणि तेही कुठलं कुठे पडेल सांगता येत नाही. पण भाच्याकडे उतरल्याला आठवडा झाला नसेल, तोच समोरच्या दारातल्या गोऱ्या आजींच्या घरी तिची ये-जा सुरू झाली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कॅनडातला मुलगा, त्याची बायको फोन करत नाही, हा सगळा इतिहास ती आम्हांला जेवताना सांगायची. कोणत्या भाषेत कळला, विचारलं, तर म्हणे, "गुडघ्याला कसली आलीय भाषा?" भाचा चार वर्षं त्या बाईंना 'ती कुत्रेवाली' म्हणत होता. विज्ञानकथेत एक मोठं दालनच आहे, माणसाची आणि परग्रहवासीयांची पहिली भेट कशी होईल यावरचं. त्यासाठी लेखकांनी गणित वापरलं, संगीत वापरलं. बेसनाचा लाडू वापरलेला माझ्या तरी वाचनात नाही.

तेव्हा मला जो प्रश्न पडला तो असा. शंभर-दोनशे कोसांवरच्या, आपल्याचसारखं वेड असलेल्या माणसाला भेटायला धडपडत जायचं आणि भिंतीपलीकडच्या माणसाचं नाव विचारायचं नाही, याला काय म्हणावं? आपली माणसं म्हणजे कोण? जवळची, की सारखी? शेजारी आपण निवडत नाही. तो नशिबात येतो, जसा पाऊस येतो, जसे मेहुणे येतात. मित्र आपण निवडतो. निवडलेल्यावर प्रेम करण्यात पुण्य ते किती? आरशावरही माणसाचं प्रेम असतंच की.

हा विचार मनात घोळवत मी क्लाइड नदीच्या काठी त्या संमेलनाच्या आवारात शिरलो. तिथल्या मोठ्या सभागृहाला 'आर्मडिलो' म्हणतात. आपल्या खवल्या मांजराचा दूरचा भाऊ शोभेल असा तो प्राणी, आणि इमारत हुबेहूब तशीच, अंगावर पत्र्याचे खवले घेऊन बसलेली. आत निळ्या तोंडाची माणसं, तीन डोळ्यांच्या बायका, एक मिरपुडीच्या डबीच्या आकाराचं यंत्र, आणि ही सारी मंडळी कॉफीच्या रांगेत अतिशय शिस्तीने उभी. छातीवर बिल्ले, बिल्ल्यांना खाली रंगीत फितींची शेपटी, एकेकाची तर गुडघ्यापर्यंत. हिने नेहमीची पाचवारी आणि वर स्वेटर घातला होता. एक शेंदरी केसांची मुलगी हिच्याजवळ येऊन अदबीने म्हणाली, की पोशाख फार बारकाईने केला आहे, कोणत्या कथेतला? भाच्याने अनुवाद केला. ही म्हणाली, "तिला सांग, रोजचाच आहे." मुलीला ते आणखीच आवडलं. तिने सगळ्या जमातीला बोलावून आणलं आणि फोटो झाले. पुढे पाच दिवस मला 'त्या बाईंचे यजमान' म्हणून ओळखत होते. हाही अनुभव मला नवा नाही, पण परदेशात पहिलाच.

खरं सांगायचं तर ही माणसं मला फार आवडली. शाळेत ज्यांना कोणी खेळायला घेतलं नसेल अशी पाच हजारांहून अधिक माणसं एका छपराखाली जमली, की त्यांच्या चेहऱ्यावर जो एक सुटकेचा भाव येतो तो पाहण्यासारखा असतो. तो पाहिल्यावर आरशाचा माझा मुद्दा मलाच जरा कडू वाटायला लागला. ज्याला आपल्या गावात आपल्यासारखं कोणी नाही त्याने काय करायचं? शेजाऱ्यावर प्रेम करा हे सांगणं सोपं; शेजारी ज्याला वेडा म्हणतो त्याने गाडी पकडू नये तर काय करावं?

पण इतिहास काढून बघितला की गंमत होते. १९३६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचे पाच-सात तरणे पोर गाडीत बसून फिलाडेल्फियाला गेले. अंतर आपल्या पुण्या-मुंबईएवढं. तिथल्या पोरांना भेटले, एका घरात बसून गप्पा झाल्या, आणि याला त्यांनी अधिवेशन असं नाव दिलं. इंग्रज हे मानत नाहीत. त्यांच्या मते खरं पहिलं संमेलन ३ जानेवारी १९३७ ला लीड्सच्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये झालं, त्यात आर्थर क्लार्कही होते. जेमतेम वीसेक माणसं. एवढ्याशा गोष्टीच्या पहिलेपणावरून दोन खंडांत अजून वाद चालतो, हे वाचून मला आपल्या साहित्यसंस्थांची आठवण होऊन गहिवरून आलं.

तर त्या फिलाडेल्फियाच्या गाडीत डोनाल्ड वॉल्हाइम, फ्रेडरिक पोल, जॉन मिशेल आणि विल्यम सायकोरा हे चौघे होते. एका बाकावर बसून भविष्यकाळाची चर्चा करत गेले असतील. पुढे तीन वर्षांत काय घडावं? २ जुलै १९३९, न्यूयॉर्क, पहिलं जागतिक संमेलन. त्या साली न्यूयॉर्कला मोठं जागतिक प्रदर्शन भरलेलं, त्याचं बोधवाक्यच 'उद्याचं जग' असं. दोनशेच्या आसपास पोरं जमली. लॉस एंजलिसहून फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस उद्याच्या जगातले कपडे घालून आले. कपडे शिवले होते डग्लसबाईंनी, नाव मात्र पुढे बरीच वर्षं ॲकरमनचं झालं, म्हणजे उद्याचं जग त्या बाबतीत कालच्यासारखंच निघालं. रे ब्रॅडबरी हा अठरा वर्षांचा पोरगा ॲकरमनकडून पैसे उसने घेऊन, मित्राची चित्रं बगलेत मारून, सबंध अमेरिका बसने ओलांडून आला. आणि सायकोरा होता आता संयोजकांत. दारात वॉल्हाइम, पोल, मिशेल आणि आणखी तिघं आले, तर सायकोरा आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना आत घेतलं नाही. ही सहा पोरं डाव्या विचारांची, पत्रकं वाटतील, गोंधळ घालतील, म्हणून भीती. नीट वागायचं वचन द्या म्हणाले, ते या सहांनी दिलं नाही. त्यातल्या सिरिल कॉर्नब्लुथचा तर त्या दिवशी सोळावा वाढदिवस होता.

मंगळावरून कोणी उतरला असता तर हार घालून आत नेला असता. तीन वर्षांपूर्वी ज्याच्याबरोबर प्रवास केला त्याला मात्र दारात उभं केलं!

या प्रसंगातला मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो सातवा मुलगा. आयझॅक असिमोव्ह. तो या सहांच्याच टोळीतला, एकोणीस वर्षांचा, त्याच साली पहिली कथा छापून आलेली. त्याला कोणी अडवलं नाही. तो आत गेला. मित्र बाहेर, आपण आत, आणि आत ज्यांच्या गोष्टी वाचून वाढलो ते लेखक-संपादक साक्षात बसलेले. आपण काय केलं असतं? मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतले प्रश्न नेहमी जरा खोटे वाटतात: बुडणारी नाव, सुटलेली आगगाडी. हा खरा आहे. दार उघडं आहे, तुम्हांला बोलावलंय, तुमच्या मित्राला नाही. असिमोव्हने पुढे शेकडो पुस्तकं लिहिली, आणि आत्मचरित्रात हेही लिहिलं, की आपण मित्रांबरोबर बाहेर थांबलो नाही हे आपल्याला खात राहिलं. मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही. पण त्याला ते खात राहिलं, याचं बरं वाटतं.

आपल्याकडे याची दुसरी बाजू फार आधी घडून गेलेली आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन १८७८ ला भरलं. १८८५ च्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं. इथे दार उघडं होतं, तबकात अक्षता होत्या, आणि माणूस आत गेला नाही. त्यांनी पत्र लिहून कळवलं, की तुमच्या सभांत आणि पुस्तकांत आमच्या लोकांच्या हक्कांना जागा नाही, तेव्हा आमचा तुमच्याशी मेळ बसत नाही. न्यूयॉर्कच्या पोरांना दारात थांबवावं लागलं. जोतीराव दाराशी आलेच नाहीत, आणि मांडव किती लहान आहे हे आतल्यांना बाहेरून कळलं. 'सारख्यांचा मेळावा' म्हटलं की सारखेपणा मोजणारा कोण, हा प्रश्न येतोच.

तिसराही एक मार्ग आहे, तो जयंत नारळीकरांचा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. ज्या माणसाला कुठलंही दार सताड उघडलं असतं तो मुद्दाम बिननावाच्या दाराने आत आला, आणि पहिलं बक्षीस घेऊन गेला. पुढे २०२१ ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तर प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाताच आलं नाही. म्हणजे हेही बघा.

ग्लासगोत हा दाराचा विषय नुसता इतिहासातला नव्हता. आदल्या वर्षी, २०२३ ला, चीनमधल्या छंतू शहरात संमेलन झालं. तिथल्या ह्यूगो पुरस्कारांच्या यादीतून 'बेबल' ही गाजलेली कादंबरी आणि आणखी काही नावं 'अपात्र' म्हणून गळली. का, ते कोणी सांगेना. २०२४ च्या फेब्रुवारीत संयोजकांतलीच पत्रं बाहेर आली, तेव्हा दिसलं की चीनच्या दृष्टीने कोण राजकीयदृष्ट्या अडचणीचा ठरेल याची टिपणं आधीच काढून ठेवली गेली होती, आणि ती काढणारे पाश्चात्त्य होते. कोणी 'हो' म्हणायच्या आत मान डोलावण्याची ही कला सरकारी नोकरीत मी पुष्कळ पाहिली आहे. पण ज्यांच्या कपाटात हुकूमशाहीविरुद्धच्या शंभर कादंबऱ्या असतील त्यांनाही ती येते, हे पाहून मन खट्टू झालं. ग्लासगोवाल्यांनी मग सगळं उघड्यावर ठेवायचं ठरवलं. त्यांना ३७७ मतं संशयास्पद सापडली, एकाच उमेदवारासाठी कोणीतरी सभासदत्वं विकत घेतलेली, तर ती रद्द करून आकड्यासकट जाहीर केलं.

तिसऱ्या दिवशी आमच्यावरच प्रसंग आला. परभाषेतल्या कथांवर एक परिसंवाद होता. खोलीत जितक्या खुर्च्या तितकीच माणसं, असा तिथला नियम. आगबीग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून. नियम मला एकदम पसंत आहे. आमची पाळी आली तेव्हा एकच खुर्ची उरलेली. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही बसा." मी म्हटलं, "तू बस, तुझ्या पैशाने आलोय." "असं कसं मामा?" "अरे, ऐक माझं." दारातला स्वयंसेवक एकदा याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात हिरव्या कानांची एक मुलगी आमच्या दोघांच्या मधून 'एक्स्क्यूज मी' म्हणत आत गेली आणि खुर्चीवर बसली. असिमोव्हचा प्रश्न आमच्यापुरता परस्पर निकालात निघाला.

बाहेरच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ मफलर विणत बसले होते. संमेलनाला बरीच वर्षं येत असावेत. त्यांच्या मते खरं संमेलन खोल्यांच्या बाहेरच असतं. त्यांनी मला वॉल्ट विलिसची गोष्ट सांगितली. ती मला अर्धीमुर्धी माहीत होती, पण विणता विणता सांगितलेली गोष्ट मध्येच तोडू नये. विलिस हा बेलफास्टचा. घरी छोटंसं नियतकालिक काढायचा, ते पोस्टाने अमेरिकेत जायचं. फ्लोरिडातल्या शेल्बी विक या वाचकाला वाटलं, हा माणूस आपल्याकडे यायला हवा. विलिसला स्वतःला अटलांटिक ओलांडणं परवडणारं नव्हतं. मग विकने इतर वाचकांकडून डॉलर-दोन डॉलर गोळा केले, आणि १९५२ च्या शिकागो संमेलनाला विलिस हजर झाला. त्याला कधीही न पाहिलेल्या माणसांनी त्याचं भाडं भरलं होतं. पुढच्या वर्षी त्यावरून एक कायमचा निधीच सुरू झाला, महासागराच्या या काठावरच्या एकाला त्या काठाला पाठवण्याचा; एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. तो अजून चालतो.

१९३९ चं दार आणि १९५२ ची झोळी, दोन्ही याच लोकांची. सारखेपणाच्या वेडातून दोन्ही निघालं. आपल्या दिंडीतही वाटेत भेटेल त्याला 'माउली' म्हणतात आणि गावी परतल्यावर बांधाचा खटला पुढे चालू होतो. म्हणून काही माउली म्हणणं खोटं ठरत नाही, आणि खटलाही खोटा ठरत नाही. हे मी त्या गृहस्थांना समजावून सांगायला गेलो, पण 'बांध' या शब्दापाशी माझं इंग्रजी संपलं.

शेवटच्या दिवशी दालनाच्या एका कोपऱ्यात या प्रवासनिधीचं टेबल होतं आणि वर एक डबा. मी पाच पौंडांची नोट टाकली. ही बाजूलाच होती. पाच पौंडांचे रुपये किती हे तिचं तोंडपाठ.

"कोणासाठी टाकलेत?"

"कोणीतरी येईल समुद्रापलीकडून. त्याच्या भाड्यासाठी."

"ओळखीचा आहे?"

"नाही."

"माणूस कसा आहे काही विचारलंत?"

"ते अजून ठरायचंय."

"आणि आला आणि चांगला नसला तर?"

टेबलामागच्या बाईंना भाच्याने हा प्रश्न जशाच्या तसा अनुवाद करून विचारला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की परतीचं भाडंही त्यातच धरलेलं असतं.

"मग हरकत नाही," असं म्हणून हिने पर्स उघडली, त्यातलं एक पौंडाचं नाणं काढलं, डब्यात टाकलं, आणि भोक बुजलं तर नाही ना, म्हणून डबा एकदा हलवून पाहिला.